वाघाचा उपास, म्हशीची वैरण: मुलांना प्राणीपालाचं काम कसं शिकवावं

हत्ती काय खातो, असं आमच्या गल्लीतल्या पोरांना विचारलं की एका सुरात उत्तर येतं, "केळी!" माकड? "केळी!" ससा? "गाजर!" अस्वल? "मध!" चित्रांच्या पुस्तकांतून ही उत्तरं पाठ झालेली असतात. ती सगळीच खोटी नाहीत, पण ही त्या त्या प्राण्याची मिठाई झाली. त्याची रोजची भाकरी कुठली, हे पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहा ते बारा वयाची आठ-दहा मुलं गोळा करून आठवडाभर त्यांना प्राणीपालाचं काम शिकवते. प्राणीसंग्रहालयात जनावरांचं खाणंपिणं, झाडलोट आणि राखण बघणारा माणूस म्हणजे प्राणीपाल, तिथल्या भाषेत कीपर. कोल्हापुरात मोठं प्राणीसंग्रहालय नाही, पण त्यानं काही अडत नाही. इथं गोठे आहेत, तळी आहेत, दाजीपूरचं जंगल आहे, आणि जनावरावर जीव लावणारी माणसं तर पेठापेठांत आहेत.

हे मी का सुरू केलं ते आधी सांगते. आमच्या शेजारी एका घरी वास्तुशांत होती. उरलेला भात आणि जिलेबी पोरांनी मोठ्या मायेनं समोरच्या शेळीला घातली. तीही खातच राहिली. रात्री तिची डावी कूस टम्म फुगली, ती दात खाऊ लागली आणि पहाटे गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की शेळीच्या पोटात चारापाला पचवणारे सूक्ष्मजीव असतात. भात, पोळी, गोड असं एकदम खूप आत गेलं की ते झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं आणि जनावर हातचं जातं. पोरांनी वाईट हेतूनं काहीच केलं नव्हतं. त्या शेळीला भात आवडत होता, हेही खरंच. म्हणून आमच्याकडं पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मुलं स्वतः लिहितात: "याला काय आवडतं, हे नंतर. याला काय लागतं आणि किती लागतं, हे आधी."

तयारी

सामान थोडंच लागतं. वैरण मोजायला हुकाचा काटा, भाजी मोजायला स्वयंपाकघरातला काटा, प्रत्येकाला एक वही, पुठ्ठ्याची रिकामी खोकी, सुतळी, खडू आणि साबण. साबण विसरू नका. जनावराला, चाऱ्याला किंवा शेणाला हात लागला की कोपरापर्यंत हात धुवायचे, ही सवय पहिल्या तासापासून लावायची. जनावरांचे काही आजार माणसाला होतात आणि माणसांचे काही जनावरांना. म्हणून प्राणीसंग्रहालयातही कीपर आत जाताना आणि बाहेर येताना हातपाय धुतात, जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवतात. पोरांना कारण सांगितलं की ती कुरकुर करत नाहीत.

पायरी पहिली: गोठा

वाघापासून सुरुवात करू नका. म्हशीपासून करा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध प्यायलेली पोरं म्हशीला घाबरत नाहीत, आणि दिवाळीच्या पाडव्याला नटवून मिरवलेल्या म्हशी त्यांनी पाहिलेल्या असतात. तरीही म्हैस खाते कशी, हे त्यांनी कधी नीट बघितलेलं नसतं.

गोठ्याच्या मालकांना आधी विचारा आणि धारेची वेळ टाळून दुपारी जा. म्हशीच्या मागं उभं राहायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, तोंडात हात घालायचा नाही, हे बाहेरच सांगून ठेवा. आमच्याकडचे मामा स्वतः म्हशीचं तोंड उघडून दाखवतात. तेव्हा पोरं ओरडतात, "मामा, हिचे वरचे दात पडले!" पडलेले नसतात. गायी, म्हशी, शेळ्या, हरणं यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथं एक घट्ट गादी असते. जिभेनं गवत वेढायचं, खालच्या दातांनी त्या गादीवर दाबायचं आणि ओढून तोडायचं.

मग बसलेली म्हैस रवंथ करताना बघायची. गळ्यातून गोळा वर येताना दिसतो. तो गोळा ती किती वेळा चावते हे प्रत्येकानं मोजायचं. चाळीस, पन्नास, साठ असे आकडे येतात. मुलांनी स्वतःचा घासही मोजावा. पाच-सहा चावण्यांत गिळणाऱ्यांना त्या दिवशी आईनं वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता काटा काढा. मोठ्या दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण 25 ते 30 किलो हिरवी वैरण, 4 ते 6 किलो कडबा आणि दुधाच्या मानानं सरकी पेंड किंवा आंबोण (भिजवलेला भरडा) लागतं. आपल्याकडं हिरव्यात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, बरंच असतं. मुलांनी पेंढी हुकाला लावून तोलायची, आकडा वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जाऊन गव्हाणीत उरलेलं तोलायचं. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर हे उष्टं मोजणं. किती घातलं हे कुणीही सांगेल. किती उरलं हे ज्याला ठाऊक, तो खरा प्राणीपाल. वाघ असो की ससा, आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा थाळीत दिसते.

एका वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलीनं मामांना सांगितलं, "काल दोन किलो उरलं होतं, आज सात किलो हाय." मामांनी म्हशीचा कान चाचपला, नाकपुडी बघितली आणि डॉक्टरांना फोन लावला. म्हशीला ताप होता. ती पोरगी पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यावर जात होती.

पायरी दुसरी: दात, चोच आणि शेण

नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले वाघ आणि इतर जंगली प्राणी आहेत. मुलांना तिथं न्या, पण "केवढा मोठा!" म्हणून पुढं सरकू देऊ नका. प्रत्येक जनावरासमोर थांबून तीनच गोष्टी टिपायच्या: दात कसे, पाय कसे, डोळे समोर की बाजूला. वाघाचे सुळे धरण्यासाठी आणि दाढा कात्रीसारख्या कापण्यासाठी. त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, म्हणून तो चावून बारीक करत नाही, तोडून गिळतो. घरी आल्यावर मांजराला खाताना बघायला सांगा, तीच तऱ्हा दिसेल. हरणाचे डोळे बाजूला, कारण चरताना चहूबाजूंनी लक्ष ठेवायचं असतं. संस्थानकाळी कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, हेही इथंच सांगून टाका. आपल्या गावात हे काम नवं नाही, हे पोरांना आवडतं.

कोंबडीला दात नाहीत, मग ती ज्वारी दळते कुठं? चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा पेठा ज्यांच्या घरी येतो, त्यांनी तो मुलांना कापून दाखवावा. जाड स्नायूंची ती पिशवी म्हणजे कोंबडीचं जातं, आणि तिनं गिळलेले बारीक खडे म्हणजे जात्याचा दगड.

शेणाला नाक मुरडणाऱ्या पोरांचंही मन वळतं, फक्त दोन नमुने शेजारी ठेवायचे. एक म्हशीचं, एक घोड्याचं. रंकाळ्यावर घोडे फिरवणाऱ्यांकडून घोड्याची लीद सहज मिळते. काडीनं उकलून बघायचं. म्हशीचं शेण मऊ, सारखं. घोड्याच्या लिदीत गवताच्या काड्या स्पष्ट दिसतात. म्हैस रवंथ करून चारा पुन्हा पुन्हा दळते, घोडा करत नाही. हत्तीही रवंथ करत नाही. तो खातो त्यातलं निम्मं जेमतेम पचवतो आणि उरलेलं मागं टाकतो. म्हणूनच त्याला एवढं खावं लागतं. ही गोष्ट नुसती सांगून कळत नाही, काडीनं उकलल्यावर कळते.

पायरी तिसरी: कुणाच्या ताटात काय

इथं घाई करू नका, दोन दिवस द्या. प्रत्येक मुलाला एक प्राणी वाटून द्या, तो त्या प्राण्याचा कीपर.

हत्ती. साठमारी हे नाव पोरांना रिक्षाच्या थांब्यासारखं ठाऊक असतं. तिथं पूर्वी हत्तींची साठमारी, म्हणजे चवताळलेल्या हत्तीशी माणसांचा झुंजीचा खेळ, चालायची, हे सांगितलं की कान टवकारतात. मोठा हत्ती दिवसाला सुमारे 150 किलो चारा खातो आणि 100 लिटरहून जास्त पाणी पितो. गवत, झाडाचा पाला, साल, बांबू, मुळं हे त्याचं जेवण. मुलांना विचारा, आपल्या म्हशीच्या हिरव्या वैरणीच्या हिशेबानं एका हत्तीच्या चाऱ्यात किती म्हशी जेवतील? पाच ते सहा. शेतकरी ज्याला हत्तीघास म्हणतात ते गवत बांधावर दाखवता आलं तर जरूर दाखवा. ऊस, केळी, गूळ हा हत्तीचा खाऊ. औषध भरवताना किंवा काही शिकवताना बक्षीस म्हणून द्यायचा.

वाघ. प्राणीसंग्रहालयात मोठ्या वाघाला दिवसाला साधारण 8 ते 12 किलो मांस देतात. हाडासकट, कारण नुसत्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असतो. अधूनमधून कलेजीही, त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस त्याला काहीच देत नाहीत. पोरं लगेच विचारतात, "वाघाचा उपास? कुठला वार?" जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही. एकदा मिळाली की तो एका बैठकीत 30 किलोपर्यंत खातो, मग दोन-तीन दिवस पडून राहतो. रोज आयतं मिळालं तर चरबी चढते. म्हणून तो खाडा.

इथं एक अवघड प्रश्न हमखास येतो. हे मांस कुठून येतं? आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी ते म्हशीचं आणि कोंबडीचं असतं. कालच गोठ्यावर म्हशीच्या कपाळावर हात फिरवून आलेलं पोर गप्प होतं. माझं म्हणणं, खोटं बोलू नका आणि विषयही बदलू नका. मांजरकुळातल्या प्राण्यांना टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळवावा लागतो, तो पुरेसा मिळाला नाही तर डोळे आणि हृदय अधू होतं. वाघाला डाळभातावर ठेवणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. एवढं सांगून मुलाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. एका मुलानं विचारलं होतं, "मग म्हशीला कोण वाचवणार?" मी सांगितलं, जंगलात गवा वाघापासून कळपानं वाचतो. पिंजऱ्यातल्या वाघाचं पोट मात्र आपण घेतलंय, तेव्हा त्याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो पुढचा तासभर हाडांची चित्रं काढत बसला होता.

याच तासाला हेही सांगा, की वाघाचं मांस कच्चं असतं, मीठमसाला नाही. आणि घरच्या मांजराला तांबड्या रश्शातले तुकडे घालू नका. कांदा-लसूण मांजराला आणि कुत्र्याला बाधतो, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्याला चॉकलेट आणि बेदाणेही नकोत.

अस्वल. मध हा अस्वलाचा सणाचा घास. आपल्या जंगलातलं अस्वल मुख्यत्वे वाळवी आणि मुंग्या खातं, हंगामात जांभळं, करवंदं, उंबरं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. वारूळ नखांनी उकरायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. याचा खेळ करा: ताटात कागदाचे नळीपेक्षा मोठे तुकडे पसरा, वर थोडा भुसा. मुलांनी कागदी नळीनं आधी फुंकून भुसा उडवायचा, मग श्वास ओढून एकेक तुकडा उचलून वाटीत टाकायचा. दहा तुकड्यांत दम लागतो.

वानर. काळ्या तोंडाचं वानर हे पानं खाणारं. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. घाटात गाडी थांबवून आपण त्याला बिस्किटं, वेफर्स, वडापाव घालतो तेव्हा त्या शेळीचीच गोष्ट पुन्हा घडवतो, शिवाय रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडायची सवय लावतो. केळ्याचंही तेच. बाजारातली फळं माणसानं गोड केलेली, रानातली फळं तुरट, चोथ्याची. म्हणून आता अनेक प्राणीसंग्रहालयांत माकडांची फळं कमी करून पालेभाजी आणि झाडपाला वाढवला आहे.

मगर आणि साप यांच्याकडं वळलं की पोरं अवाक होतात, कारण इथं आकडा एकदम खाली येतो. त्यांना अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही. अजगर एकदा भरपेट जेवला की कित्येक आठवडे न खाता राहतो, मगर थंडीत खाणं फार कमी करते. नागपंचमी जवळ असेल तर स्पष्ट सांगा: नाग दूध पीत नाही. तो उंदीर, बेडूक, दुसरे साप खातो. तहानेनं व्याकूळ ठेवलेला साप समोर येईल ते ओढतो, आणि ते दूध त्याला सोसत नाही.

पक्ष्यांचं थोडक्यात: रंकाळ्यावर बदकांना पाव टाकू नका. पावात त्यांच्या कामाचं फारसं काही नसतं आणि उरलेला पाव पाण्यात कुजतो. आणि "आपण पण पोपट पाळूया" असं कुणी म्हणालंच, तर आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याच क्षणी सांगा.

पायरी चौथी: स्वयंपाकघर

सकाळी मुलांना कपिलतीर्थ मंडईत न्या. प्रत्येक कीपरला आपल्या प्राण्याची यादी आणि भाव टिपायचं काम. किलोचा भाव गुणिले दिवसाची मात्रा, गुणिले महिन्याचे दिवस. गणिताला कंटाळणारी पोरंही हे गणित सोडत नाहीत. खरेदी मात्र पावशेर-अर्धा किलोचीच करायची.

घरी येऊन भाज्या धुणं, किडकं बाजूला काढणं, प्राण्याच्या तोंडाच्या मानानं तुकडे करणं. सुरी मोठ्यांच्या हातात. कच्च्या मांसाला मुलांचा हात लावू देऊ नका, तिथं लाल कागदाचे तुकडे चालतात. शेवटी अस्वलाची लापशी. प्राणीसंग्रहालयांत आणि सुटका केंद्रांत अस्वलांना नाचणी-बाजरीसारख्या धान्याची लापशी देतात. आपण नाचणीचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, जरासा गूळ घालायचा आणि पोरांनीच खायची. कापलेली भाजी वाया घालवायची नाही. धुतलेल्या पालेभाजीचे देठ गोठ्यावर, तेही मामांना विचारून आणि मूठभरच.

पायरी पाचवी: कीपरचा दिवस

अंगणात खडूनं पिंजरे आखा. प्रत्येक पिंजऱ्याला दोन भाग, आतली खोली आणि बाहेरचं अंगण, आणि दोन दारं. निम्मी मुलं प्राणी, निम्मी कीपर, एक डॉक्टर, एक कोठीवाला. क्रम असा: सकाळी आल्या आल्या मोजणी. मग कुलपं बघणं. मग वाघाला आतल्या खोलीत घेऊन मधलं दार लावणं, ते मोठ्यानं सांगणं, दुसऱ्या कीपरनं ते ओढून बघणं, आणि त्यानंतरच अंगणात झाडू. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहिली की वाघ झालेलं पोर पळत सुटतं आणि खेळ पहिल्यापासून. दोन-तीनदा असं झालं की पोरं एकमेकांवर ओरडायला लागतात, "दार लावलं का सांग की!" खऱ्या ठिकाणी या ओरडण्यावर जीव अवलंबून असतो.

झाडताना शेण बघायचं, उष्टं तोलायचं, रोजवहीत लिहायचं: किती घातलं, किती उरलं, पाणी, शेण, चालणं, काही वेगळं. प्राणी झालेल्या मुलानं गुपचूप एक आजार निवडायचा, लंगडणं किंवा कमी खाणं, आणि कीपरनं तो न विचारता ओळखायचा.

थोडी मोठी मुलं असतील तर अन्न लपवण्याचं काम द्या. ताटात वाढलेलं अन्न अस्वल दहा मिनिटांत संपवतं आणि मग दिवसभर एकाच जागी डुलत राहतं. म्हणून चांगले कीपर अन्न ओंडक्याच्या भोकात, खोक्यात, दोरीला उंच टांगून देतात. मुलांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून घरच्या कुत्र्यासाठी भाकरीचे तुकडे आत दडवावेत. चिकटपट्टी, पिना, प्लास्टिक नको.

पायरी सहावी: बघायला जाणं

आता कुठं प्राणीसंग्रहालय. आपल्याला जवळचं म्हणजे बेळगावजवळ भूतरामनहट्टीचं, हमरस्त्यालगतच आहे. पुण्याला जाणं होणार असेल तर कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय. आठवड्यातला एक दिवस ही ठिकाणं बंद असतात, कात्रज बुधवारी. निघण्यापूर्वी वार पक्का करा. सकाळी उघडताच पोचा, दुपारी सगळी झोपलेली असतात. सगळे पिंजरे पालथे घालू नका. प्रत्येक कीपरनं आपल्या प्राण्यासमोर वीस मिनिटं बसायचं आणि वही भरायची. तिथले कर्मचारी मोकळे दिसले तर मुलांनीच विचारावं, "काका, आज किती उरलं?" हा प्रश्न ऐकून काम थांबवून सगळं समजावून सांगणारे काका मला भेटले आहेत.

दाजीपूरला गेलात तर वेगळीच शाळा. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं हे रान आज राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. पावसाळ्यात ते बंद असतं, आणि आत वाटाड्याशिवाय हिंडू नये. गवा दिसेलच असं नाही. त्याचं शेण, ओरबाडलेली कारवी, बांबूचा तोडलेला कोंब दिसतो. शेकरूनं कुरतडून टाकलेली फळं झाडाखाली पडलेली असतात. मुलांना आधी जमिनीकडं बघायला लावा. दात, चोच, शेण हे सगळं इथं परत येतं, फक्त पिंजरा आणि काटा नसतो. डब्यातलं काहीही तिथं सोडायचं नाही, केळ्याची साल किंवा लाडवाचा चुराही नाही. परतताना गाडीत बसण्यापूर्वी डबे मोजायचे, पिशव्या मोजायच्या, मग पोरं मोजायची. आमच्याकडं ही मोजणी सर्वांत लहान कीपर करतो, आणि आकडा जुळल्याशिवाय गाडी सुरू होत नाही.